सआदत खान यांचा शोध : इंदूरच्या राजवाड्यावरील सतरा वर्षांचा संशय

सआदत खान हे इंदूर संस्थानच्या होळकरी फौजेतील घोडदळाचे अधिकारी. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर जो हल्ला झाला, त्याच्या प्रमुख पुढाऱ्यांपैकी ते एक होते. उठाव मोडला गेल्यानंतर ते दृष्टिआड झाले आणि सरकारी कागदांत फरारी म्हणून राहिले. १८७४ साली राजपुतान्यातील बांसवाडा येथे ते हाती लागले. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी इंदूरला त्यांना फाशी देण्यात आले. हल्ला आणि फाशी यांत सतरा वर्षांचे अंतर आहे.

उठावानंतर परागंदा झालेल्यांची संख्या मोठी होती. त्यांतील बहुतेकांची नावेही आज कुणाला ठाऊक नाहीत. सआदत खान यांच्या शोधाला मात्र एक वेगळी बाजू होती. रेसिडेन्सीवर हल्ला करताना त्यांनी महाराजांच्या हुकमाचा पुकारा केला होता. असा हुकूम खरोखर निघाला होता काय, हा प्रश्न पुढे दोन पिढ्या वादात राहिला आणि त्याचे उत्तर ज्या मोजक्या माणसांना ठाऊक असणे शक्य होते, त्यांत हा फरारी अधिकारी होता. म्हणून त्यांचा शोध हा एका आरोपीच्या शोधाइतकाच, राजवाड्यात बसलेल्या दुसऱ्या तुकोजीराव होळकर यांच्या निर्दोषत्वाच्याही पुराव्याचा शोध होता.

राजवाडा आणि रेसिडेन्सी

गोव्यातून इंदूरला जाणारा मराठी प्रवासी राजवाडा पाहिल्याशिवाय परतत नाही. सात मजल्यांची ही वास्तू, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, शहराच्या मध्यभागी खान नदीच्या जवळ उभी आहे. पहिले मल्हारराव होळकर यांच्या काळात, १७४७ च्या सुमारास तिच्या बांधकामास आरंभ झाला. १८०१ मध्ये शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले तेव्हा तिला आग लागली. पुढे दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत दिवाण तात्या जोग यांनी तिची पुनर्बांधणी केली.

होळकरांची सत्ता मात्र तोपर्यंत पार बदलली होती. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने राज्य कंपनीच्या संरक्षणाखाली गेले. राजधानी इंदूरला आली आणि तिच्यासोबत रेसिडेन्सीही आली. शहराबाहेर, राजवाड्यापासून सुमारे दोन मैलांवर, दगडी कोठी, बागा, खजिना, तारघर आणि कारकुनांची वस्ती मिळून दुसरे सत्ताकेंद्र उभे राहिले. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचा एजंट तेथे राहत असे. आणखी तेरा-चौदा मैलांवर महूची लष्करी छावणी होती. राजवाड्यातून निघालेला निरोप रेसिडेन्सीत पोचायला घोडेस्वाराला अर्धा तासही लागत नसे. तरीही १८५७ च्या उन्हाळ्यात या दोन वास्तूंमध्ये नेमके कोणते निरोप गेले आणि कोणते गेले नाहीत, यावरच पुढचा सारा वाद उभा राहिला.

तुकोजीराव त्या वेळी जेमतेम विशी ओलांडलेले होते. १८४४ मध्ये अल्पवयात ते गादीवर आले आणि १८५२ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे अधिकार मिळाले. त्यांचे हितचिंतक असलेले एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन १८५७ मध्ये रजेवर विलायतेला गेले होते. त्यांच्या जागी कर्नल हेन्री मॅरियन ड्युरँड हंगामी एजंट म्हणून आले होते. ड्युरँड कर्तबगार होते, पण देशी दरबारांविषयी त्यांना फारसा विश्वास वाटत नसे, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारलेले नाही. हॅमिल्टन इंदूरला असते तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक असला तरी तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

याच उन्हाळ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते आणि महूच्या परिसरात त्यांना शिपायांकडून बंडाची चाहूल लागली. त्यांचा ‘माझा प्रवास’ पुढे १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला मध्य हिंदुस्थानातील त्या दिवसांची ओळख बहुधा याच पुस्तकातून झालेली असते.

१ जुलैची सकाळ

रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी ड्युरँड यांनी भोपाळ कंटिन्जंटचे पायदळ व घोडदळ, भिल्ल पलटणीची एक तुकडी आणि होळकरांच्या तोफा व शिपाई असा संमिश्र बंदोबस्त केला होता. १ जुलैच्या सकाळी साडेआठच्या सुमारास, ज्या तोफा रक्षणासाठी उभ्या होत्या त्यांचीच तोंडे रेसिडेन्सीकडे वळली. सआदत खान घोड्यावरून दौडत आले. साहेबांना मारा, महाराजांचा हुकूम आहे, असे ते ओरडत होते, ही गोष्ट त्या वेळच्या वृत्तान्तांत वारंवार येते. भोपाळ कंटिन्जंटचे अधिकारी कर्नल जेम्स ट्रॅव्हर्स यांनी हाताशी आलेल्या मूठभर स्वारांनिशी तोफांवर चाल केली. त्याबद्दल पुढे त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु मागे वळून पाहिले तर त्यांच्याबरोबर फारच थोडे स्वार आले होते. पायदळाने आणि भिल्ल पलटणीने लढण्यास नकार दिला.

दोन तासांतच ड्युरँड यांनी रेसिडेन्सी सोडण्याचा निर्णय घेतला. स्त्रिया, मुले आणि उरलेले अधिकारी यांना घेऊन ते भोपाळ राज्यातील सीहोरकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांपैकी कारकून, तारखात्याचे नोकर आणि त्यांची कुटुंबे यांची कत्तल झाली. मृतांचा आकडा चाळिशीच्या आसपास दिला जातो. खजिना लुटला गेला. त्याच रात्री महूचे शिपाईही उठले. कर्नल प्लॅट यांच्यासह तीन अधिकारी मारले गेले, मात्र कॅप्टन हंगरफर्ड यांनी आपल्या तोफखान्याच्या बळावर किल्ला राखला.

हल्ला सुरू होताच ड्युरँड यांनी महूला एक चिठ्ठी धाडली. युरोपीय तोफखाना तातडीने पाठवा, होळकरांनी आमच्यावर हल्ला केला आहे, असा तिचा आशय होता. घाईत, गोळ्यांच्या आवाजात लिहिलेल्या या दोन ओळी. त्यांत ‘होळकरांच्या फौजेने’ असे न म्हणता ‘होळकरांनी’ असे म्हटले गेले. तोफांचा मारा सोसणाऱ्या माणसाकडून शब्दांची काटेकोर निवड अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल; परंतु त्या एका शब्दाची किंमत तुकोजीरावांना आयुष्यभर मोजावी लागली.

राजवाड्यात तेव्हा काय चालले होते? होळकरांच्या बाजूने सांगितली गेलेली हकिकत अशी, की जखमी अवस्थेतील सआदत खान राजवाड्यावर आले आणि आपण एका साहेबाला जखमी केल्याची फुशारकी त्यांनी मारली. महाराजांनी त्यांना अटकेत ठेवण्यास सांगितले, पण तो हुकूम बजावणारे शिपाईच बंडवाल्यांच्या बाजूचे असल्याने तो कागदावरही उतरला नाही. विरोधी बाजूचे म्हणणे एवढेच, की हल्ल्याचा पुढारी खुद्द महाराजांसमोर उभा होता आणि तरीही मोकळा सुटला.

दोन्ही बाजू एकाच प्रसंगाचा आधार घेतात. इतिहासात असे अनेकदा घडते. तथापि पुढच्या तीन दिवसांतील एक गोष्ट तुकोजीरावांच्या बाजूने फार वजनदार आहे. काही युरोपीय व ख्रिस्ती माणसांनी राजवाड्यात आश्रय घेतला होता. ४ जुलै रोजी महाराज स्वतः बंडवाल्यांच्या तळावर गेले. आश्रितांना आमच्या हवाली करा, अशी मागणी शिपायांनी केली. ती त्यांनी साफ नाकारली. त्यानंतर इंदूर आणि महूच्या पलटणी लुटीसह देवासमार्गे ग्वाल्हेर-आग्र्याच्या दिशेने निघून गेल्या. महाराजांनी आश्रितांना आणि उरलेल्या खजिन्याला महूच्या किल्ल्यात सुरक्षित पोचते केले. ज्याने हल्ल्याचा हुकूम दिला तो तीन दिवसांनी जीव धोक्यात घालून त्याच्या बळींना वाचवील, हे पटत नाही. मात्र १ ते ४ जुलै या काळात राजवाडा का स्तब्ध राहिला, याचा खुलासा ‘फौज हाताबाहेर गेली होती’ यापलीकडे कधी झाला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

सआदत खान निघून गेलेल्या फौजेबरोबर उत्तरेकडे गेले. त्यांचा माग तेथून धूसर होत जातो.

क्षमेच्या जाहीरनाम्यातील अपवाद

ड्युरँड ऑगस्टच्या आरंभी महूला परतले. धार आणि मंदसोरची मोहीम आटोपून डिसेंबर १८५७ मध्ये ते इंदुरात आले आणि होळकरी फौजेची शस्त्रे काढून घेण्यात आली. त्याच महिन्यात हॅमिल्टन रजेवरून परत आले आणि ड्युरँड यांचा हंगामी अधिकार संपला. १० फेब्रुवारी १८५८ रोजी अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना इंदूरलाच फाशी देण्यात आले. सापडलेल्यांचा निवाडा असा झटपट होत होता. न सापडलेल्यांचे काय करायचे, हा निराळा प्रश्न होता.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबाद येथे राणीचा जाहीरनामा वाचण्यात आला. शस्त्र खाली ठेवून १ जानेवारी १८५९ पूर्वी घरी परतणाऱ्यांना क्षमा देण्यात आली. पण ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांना ती लागू नव्हती. उठावाच्या पुढाऱ्यांना आणि अशा हत्याऱ्यांना जाणूनबुजून आश्रय देणाऱ्यांना केवळ जीवदानाचे आश्वासन होते. या अपवादाला काळाची मर्यादा नव्हती. त्यामुळे १८५८ मध्ये ज्याच्यावर इंदूरच्या हत्याकांडाचा आरोप होता, त्याच्यावर तो १८७४ मध्येही तसाच कायम राहिला. सोळा-सतरा वर्षांनी माणसाला पकडून फासावर चढवता आले ते या तरतुदीमुळे.

तरतूद होती, माणूस शोधायचा कसा? आज आपण ज्याला ओळख पटवणे म्हणतो, त्याची साधने तेव्हा जवळजवळ नव्हतीच. बोटांच्या ठशांची पद्धत यायची होती. छायाचित्र राजेरजवाड्यांचे असे, घोडदळातल्या अधिकाऱ्याचे नसे. उरत असे ते वर्णनपत्र. नानासाहेब पेशव्यांचे असे वर्णन सरकारने सर्वत्र धाडले होते. उंची, बांधा, चेहऱ्याची ठेवण, पायाच्या बोटावरचा नस्तराचा व्रण, आणि सोबत कान कापलेला एक नोकर कायम असतो, अशा तपशिलांनी ते भरले होते. व्रण तपासायला आधी माणूस सापडावा लागतो, आणि कान कापलेला नोकर धन्याला सोडून गेला म्हणजे निम्मी खूण नाहीशी होते.

शिवाय मध्य हिंदुस्थान आणि राजपुताना म्हणजे संस्थानांची गोधडी. एका दिवसाच्या प्रवासात होळकर, शिंदे, देवास, धार, झाबुआ अशा हद्दी ओलांडल्या जात. प्रत्येक दरबाराचा आपला कोतवाल आणि आपला मान. मध्य हिंदुस्थानचा एजंट आणि राजपुतान्याचा एजंट हेही दोन वेगळे अधिकारी. इंदूरहून निघालेला माणूस माळवा उतरून बांसवाड्याच्या भिल्ल मुलखात शिरला की तो दुसऱ्याच कचेरीच्या कक्षेत जाई. फकिराची कफनी किंवा बैराग्याची झोळी घेतली की कुणी नावगाव विचारत नसे. गोमंतकीय वाचकाला हे फार समजावून सांगायला नको; याच काळात, १८६९ ते १८७१ पर्यंत, कुष्टोबा राणे यांच्या पाठीवर पोर्तुगीज फौज होती आणि रान व रयत दोन्ही राणे यांना ओळखत असूनही फौजेला ते ओळखू येत नव्हते.

इतर फरारी

उठावाच्या मोठ्या पुढाऱ्यांचे शेवट एकसारखे झाले नाहीत. तात्या टोपे १८५८ च्या शरदात नर्मदा ओलांडून होळकरांच्याच हद्दीतील खरगोणला आले, तेथील होळकरी तुकडी त्यांनी बरोबर घेतली आणि इंदूर-महूत पुन्हा एकदा धाकधूक सुरू झाली. एप्रिल १८५९ मध्ये नरवरच्या मानसिंहाच्या फितुरीने ते पकडले गेले आणि १८ एप्रिलला शिप्री येथे त्यांना फाशी झाले. नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब जम्मूकडे लपले होते. १८६२ मध्ये ते सापडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनाही फासावर चढवण्यात आले. मंदसोरला १८५७ मध्ये झेंडा उभारणारे शहजादे फिरोजशाह मात्र देशाबाहेर पडले आणि १८७७ मध्ये मक्केत वारले.

नानासाहेबांचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे. त्यांच्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस होते. १८५८ च्या अखेरीस ते नेपाळच्या तराईत शिरले. एप्रिल १८५९ मध्ये त्यांनी राणीला उद्देशून पाठवलेला इश्तिहारनामा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती पडला. त्याच वर्षाच्या शरदात तराईच्या तापाने त्यांचे निधन झाल्याची बातमी नेपाळमधून आली. प्रेत कुणा इंग्रजाने पाहिले नाही. तेवढे पुरले. १८६१ मध्ये कराचीत, १८६३ मध्ये अजमेरला, ठिकठिकाणी ‘नानासाहेब’ पकडले गेले आणि ओळख न पटल्याने सोडावे लागले. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांनी १८८० मध्ये एका कादंबरीत त्यांना जिवंत फिरवले. शतकाच्या अखेरीची एक आख्यायिका तर अशी, की राजकोटकडच्या एका तरुण अधिकाऱ्याने नानासाहेब सापडल्याची तार केली आणि वरून उत्तर आले, ताबडतोब सोडून द्या. ती खरी असो वा नसो, इतक्या वर्षांनंतर सरकारला खरा नानासाहेब नको होता, हे तिच्यात नेमके पकडले आहे.

प्रेत पाहिले नाही की माणूस मरत नाही, याचे विसाव्या शतकातील सर्वांत ठळक उदाहरण मार्टिन बोरमान याचे. हिटलरचा हा खासगी सचिव १ मे १९४५ च्या रात्री बर्लिनच्या बंकरमधून बाहेर पडला. त्याचे प्रेत लेर्टर स्थानकाजवळच्या पुलावर चांदण्यात आपण पाहिले, असे हिटलर युवक संघटनेचा प्रमुख आर्टुर आक्समान याने युद्धानंतर सांगितले. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? न्युरेंबर्गच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर १९४६ रोजी बोरमानला गैरहजेरीतच मृत्युदंड सुनावला. मग तो इटलीच्या मठांत, अर्जेंटिनात, पॅराग्वेत, बोलिव्हियात दिसू लागला. १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीत त्याच्यासाठी एक लाख मार्कांचे बक्षीस जाहीर झाले. नानासाहेबांसाठीही आकडा एक लाखच होता, हा योगायोग. डिसेंबर १९७२ मध्ये आक्समानने सांगितलेल्या जागेजवळ खोदकाम करताना दोन सांगाडे सापडले. दातांच्या नोंदींवरून एक बोरमानचा ठरला आणि जबड्यात विषाच्या कुपीच्या काचा मिळाल्या. तरीही १९७४ मध्ये लॅडिस्लास फारागो या लेखकाने बोरमान दक्षिण अमेरिकेत जिवंत असल्याचे जाडजूड पुस्तक काढले. १९९८ च्या डीएनए तपासणीने प्रश्न कायमचा मिटवला. म्हणजे सत्तावीस वर्षे जग ज्याला शोधत होते तो आरंभीच, सांगितलेल्याच ठिकाणी पडून होता.

सआदत खान यांचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. त्यांच्याविषयी दंतकथा फारशा पसरल्या नाहीत, वृत्तपत्रांत ते जागोजागी ‘दिसले’ नाहीत, कादंबरीकारांना त्यांची आठवण झाली नाही. आणि खरोखर जिवंत होते ते तेच. ज्याच्याविषयी कोलाहल होतो तो बहुधा सापडत नाही. ज्याला लोक विसरतात त्याला कुणी तरी एक जुना ओळखीचा माणूस एखाद्या गावी ओळखतो.

१८७४

बांसवाडा हे राजपुतान्याच्या दक्षिण टोकाचे लहान संस्थान, माळव्याला लागून. इंदूरपासून ते फार लांबही नाही. सआदत खान तेथून पकडून इंदूरला आणले गेले तेव्हा शहराचा चेहरा बदलला होता. एजंटच्या जागी आता सर हेन्री डेली होते. आजचे डेली कॉलेज त्यांच्याच नावाचे. होळकरांचे दिवाण सर टी. माधवराव होते, पूर्वी त्रावणकोरात नाव कमावलेले आणि पुढे बडोद्याला गेलेले. तुकोजीराव चाळिशीकडे झुकले होते. गिरण्या, रेल्वे आणि जमीनमहसूल यांत बारकाईने लक्ष घालणारा, पैशाच्या बाबतीत कठोर असा राज्यकर्ता म्हणून त्यांची ख्याती झाली होती.

आणि ड्युरँड नव्हते. उठावानंतर ते बढती मिळत मिळत पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. १८७० च्या अखेरीस टांक येथे ते हत्तीवरून एका दरवाज्याखालून जात असताना हौद्याला कमानीची धडक बसून कोसळले आणि १ जानेवारी १८७१ रोजी त्यांचे निधन झाले. राजवाड्यावर सर्वांत गंभीर आरोप करणारा माणूस, आरोपाचा मुख्य साक्षीदार सापडण्यापूर्वी तीन वर्षे आधीच गेला होता.

या आरोपाचे परिणाम केवळ मानापमानाचे नव्हते. उठावानंतर एकनिष्ठ संस्थानिकांना बक्षिसे वाटली गेली. शिंद्यांना प्रदेश मिळाला, भोपाळच्या सिकंदर बेगमांना बेरसियाचा परगणा मिळाला. होळकरांना किताब मिळाला, प्रदेश मिळाला नाही. आपल्या निष्ठेवर अविश्वास दाखवला गेला ही खंत तुकोजीरावांनी कधी लपवली नाही.

सआदत खान यांच्यावर खटला चालला आणि १ ऑक्टोबर १८७४ रोजी, ज्या रेसिडेन्सीवर त्यांनी घोडा घातला होता तिच्याच परिसरात त्यांना फाशी देण्यात आले. यानंतर तीनच आठवड्यांनी, २१ ऑक्टोबर रोजी, ग्वाल्हेरला जयाजीराव शिंदे यांनी एक माणूस नानासाहेब पेशवे म्हणून इंग्रजांच्या हवाली केला. उठाव होऊन सतरा वर्षे झाली होती आणि एका महिन्याच्या आत मराठ्यांच्या दोन राजधान्यांत १८५७ पुन्हा समोर उभे राहिले. ग्वाल्हेरच्या माणसाला कानपूरला नेण्यात आले. कानपूरच्या वेढ्यातून वाचलेले मोब्रे थॉमसन आणि बिठूरच्या पेशव्यांना पूर्वी पाहिलेले डॉक्टर ट्रेसिडर यांना तो दाखवला गेला. तो नानासाहेब नव्हे, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली तर ओळख पटवण्याच्या त्या काळच्या पद्धतीची ताकद आणि दुबळेपणा एकाच महिन्यात दिसतो: साधन एकच, माणसाची स्मरणशक्ती. तिने एकाला फासावर नेले आणि दुसऱ्याला सोडवले.

फाशीनंतरचा वाद

एखाद्याला वाटेल की साक्षीदार सापडला, शिक्षा झाली, आता वाद मिटला असेल. प्रत्यक्षात तो त्यानंतरच छापखान्यात शिरला. सर जॉन केय यांनी उठावाच्या इतिहासाच्या १८७६ मधील तिसऱ्या खंडात इंदूरच्या प्रकरणी ड्युरँड यांच्या वर्तनावर टीका केली. त्याच वर्षी ड्युरँड यांच्या मुलाने वडिलांच्या समर्थनार्थ स्वतंत्र पुस्तिका काढली आणि १८८३ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध करून होळकरांवरील संशय पुन्हा मांडला. पलीकडून संस्थानिकांचे कैवारी जॉन डिकिन्सन यांचे लेखन मेजर इव्हान्स बेल यांनी प्रसिद्ध केले आणि चरित्राला उत्तर म्हणून बेल यांनी १८८४ मध्ये स्वतःही लिहिले. तुकोजीराव १८८६ मध्ये महेश्वरला निवर्तले तेव्हा हा वाद लंडनच्या पुस्तकांच्या दुकानांत अजून विकला जात होता.

यात एक विसंगती सहज ध्यानात येते. इंग्रजांच्या दृष्टीने सआदत खान यांनी महाराजांचे नाव घेतले असेल तर महाराज दोषी. महाराज निर्दोष असतील तर सआदत खान खोटे बोलले. स्वातंत्र्यानंतरच्या लेखनात हाच तराजू उलटा झाला. सआदत खान हुतात्मा ठरले आणि तुकोजीरावांची ४ जुलैची भेट कुणी धैर्याची, कुणी धरसोडीची मानली. आपल्या फौजेपासून तुटलेला एक तरुण राजा आणि राजाच्या नावाखेरीज दुसरे बळ नसलेला एक घोडेस्वार अधिकारी, असे त्या दोघांकडे पाहिले तर १ जुलैचा पुकारा समजायला सोपा जातो. बिठूरला पेशव्यांचे, दिल्लीला बादशहाचे, तसे इंदूरला होळकरांचे नाव घेतल्याशिवाय शिपाई हलले नसते. हुकूम निघाला होता की नव्हता, यापेक्षा तो निघाला आहे असे शिपायांना वाटणे पुरेसे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आज सआदत खान यांची मजार इंदूरच्या रेसिडेन्सी परिसरात आहे आणि दर वर्षी १ ऑक्टोबरला लोक तेथे फुले वाहतात. बख्तावरसिंह यांच्या फाशीची जागा महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या आवारात दाखवली जाते. राजवाडा १९८४ च्या दंगलीत पुन्हा एकदा जळाला. दर्शनी सात मजले वाचले, मागचा भाग अनेक वर्षे पडझडीतच होता आणि पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. तेथून रेसिडेन्सीकडे जाणारा रस्ता आता भर शहरातून जातो आणि रिक्षाने ते दोन मैल पार करायला गर्दीच्या वेळी घोडेस्वारापेक्षा अधिक वेळ लागतो.